अक्षर, स्वर आणि अर्थ : मराया कॅरी यांच्या पहिल्या गीतातील अलंकरणाचा विचार

१

गेय रचनेचा अभ्यास करणाऱ्या साहित्याभ्यासकापुढे एक जुनी अडचण नेहमीच उभी असते. छापील संहितेत गीताचे शब्द उरतात. परंतु ते शब्द किती काळ उच्चारले गेले, कोणत्या अक्षरावर आवाज रेंगाळला, कोणते अक्षर घाईने ओलांडले गेले, यांपैकी काहीही संहिता सांगत नाही. अभंग, पद, कीर्तन, कृती, ठुमरी, नाट्यपद अशा ज्या प्रकारांनी भारतीय भाषांच्या वाङ्मयेतिहासाचा फार मोठा भाग व्यापला आहे, त्या सर्वांच्या बाबतीत ही अडचण खरी आहे. गायनातील विस्तार हा शब्दार्थाला बाहेरून लावलेला दागिना समजावयाचा की अर्थनिर्मितीचाच एक घटक मानावयाचा, या प्रश्नाच्या उत्तरावर गेय वाङ्मयाच्या अभ्यासाची सारी पद्धत अवलंबून राहते.

या प्रश्नाचा विचार एखाद्या दूरच्या उदाहरणावरून केल्यास तो अधिक निर्लेपपणे होण्याचा संभव असतो. असे एक उदाहरण अमेरिकेतील लोकप्रिय संगीतात आहे. मराया कॅरी या गायिकेची पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका 'व्हिजन ऑफ लव्ह' मे १९९० मध्ये कोलंबिया रेकॉर्ड्सने प्रसिद्ध केली. ऑगस्ट १९९० मध्ये ती 'बिलबोर्ड'च्या मुख्य क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचली आणि चार आठवडे तेथे राहिली. १९९१ साली याच गीतासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट पॉप गायिकेचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. त्याच समारंभात सर्वोत्कृष्ट नवोदित कलावंताचे पारितोषिकही त्यांनाच देण्यात आले. या यशाचे महत्त्व येथे दुय्यम आहे. खरे महत्त्व आहे ते त्या गीताने रूढ केलेल्या गायनरीतीचे. एकाच अक्षरावर अनेक स्वरांची वळणे घेत जाण्याची, म्हणजे पाश्चात्त्य संगीतशास्त्रात जिला 'मेलिस्मा' म्हणतात त्या क्रियेची, पुढील दोन दशकांत इंग्रजी लोकप्रिय गायनावर जी छाप पडली तिच्या प्रारंभाची खूण म्हणून हे गीत सांगितले जाते. साशा फ्रेअर-जोन्स या समीक्षकाने २००६ साली 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात त्याला या रीतीची मॅग्ना कार्टाच ठरविले.

अशा गायनाविषयी दोन प्रकारची मते आढळतात. एका मते ते केवळ कंठाचे कसब असून शब्दांना झाकोळून टाकते. दुसऱ्या मते शब्द जेथे संपतो तेथे भावना सुरू होते आणि तीच या स्वरमालांतून प्रकट होते. ही दोन्ही मते एक गोष्ट गृहीत धरतात : शब्द एकीकडे आणि स्वर दुसरीकडे, आणि त्यांपैकी एकाच्या बाजूने निकाल द्यावयाचा. प्रस्तुत गीत बारकाईने ऐकल्यास हे गृहीतच तपासून पाहण्याची गरज जाणवते.

२

मेलिस्मा ही संकल्पना पाश्चात्त्य परंपरेत नवी नाही. ग्रेगोरियन पठणगायनाचे वर्गीकरण करताना अक्षर आणि स्वर यांच्या प्रमाणावरून तीन रीती मानल्या जातात : एका अक्षराला एक स्वर देणारी, एका अक्षराला दोनतीन स्वर देणारी, आणि एकाच अक्षरावर दीर्घ स्वरमाला गुंफणारी. 'अलेलूया' या शब्दाच्या अंत्य अक्षरावरील दीर्घ स्वरविस्ताराला 'युबिलुस' असे स्वतंत्र नावच आहे. संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी स्तोत्रांवरील आपल्या विवरणात एक मार्मिक निरीक्षण नोंदविले आहे. शेतात किंवा द्राक्षमळ्यात राबणारे लोक गाऊ लागतात आणि आनंद शब्दांत मावेनासा झाला की अक्षरे सोडून केवळ जयध्वनीकडे वळतात, असे ते म्हणतात. ज्याचे वर्णन करता येत नाही आणि ज्याविषयी मौनही पाळवत नाही, त्याच्यासाठी शब्दरहित स्वर हाच मार्ग उरतो, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. मात्र हेच ऑगस्टीन आपल्या आत्मनिवेदनात असेही कबूल करतात की, गायिल्या जाणाऱ्या अर्थापेक्षा गायनानेच मन अधिक हेलावले तर ते त्यांना पाप वाटते. पुढील दीड सहस्र वर्षांच्या वादाच्या दोन्ही बाजू अशा एकाच माणसाच्या अंतःकरणात एकत्र आढळतात.

हा वाद त्यानंतर वारंवार उफाळला. इंग्लंडमधील धर्मसुधारणेच्या काळात आर्चबिशप टॉमस क्रॅन्मर यांनी १५४४ साली आठव्या हेन्रीला लिहिलेल्या पत्रात, प्रार्थनागीत स्वरांनी ओतप्रोत भरलेले नसावे आणि शक्य तोवर प्रत्येक अक्षरास एकच स्वर असावा, अशी अपेक्षा व्यक्त केली. इटलीत ज्यूलिओ काच्चिनी यांनी १६०२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या गीतसंग्रहाच्या प्रस्तावनेत अस्थानी स्वरविस्तारावर टीका केली. त्यांचा रोख विस्तारावर नसून त्याच्या अस्थानी असण्यावर होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. कारण योग्य स्थळी करावयाच्या अलंकरणाचे पाठ त्याच ग्रंथात त्यांनी दिले आहेत.

भारतीय परंपरेतही अक्षर आणि स्वर यांच्या या संबंधाचा विचार फार प्राचीन आहे. ऋचेचे साम होताना तिच्या शब्दांवर जे संस्कार होतात त्यांची सहा नावे सांगितली जातात : विकार, विश्लेषण, विकर्षण, अभ्यास, विराम आणि स्तोभ. यांपैकी विकर्षण म्हणजे स्वर ताणून लांबविणे, आणि स्तोभ म्हणजे अर्थरहित अक्षरांची भर घालणे. मेलिस्मासाठी भारतीय परिभाषेत जवळची संज्ञा शोधावयाची झाल्यास 'विकर्षण' ही संज्ञा प्रथम आठवावी. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकरा'त श्रोत्याच्या चित्तास सुख देणारे स्वराचे कंपन म्हणजे गमक अशी व्याख्या करून त्याचे पंधरा प्रकार सांगितले. येथे लक्षात घ्यावयाचे ते असे की, ऋचा आणि साम यांत शब्द बहुतांशी तेच असूनही त्यांची गणना दोन स्वतंत्र वेदांत झाली. शब्दांवर स्वराचा जो संस्कार झाला, तो वेगळा ग्रंथ मानण्याइतका महत्त्वाचा समजला गेला.

३

कॅरी यांच्या गायनरीतीचा थेट वारसा मात्र रोमन चर्चचाही नाही आणि इटालियन संगीतिकेचाही नाही. तो अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चचा आहे. इंग्रज स्तोत्रकार आयझॅक वॉट्स यांचा प्रसिद्ध स्तोत्रसंग्रह १७०७ साली निघाला. त्यांची आणि त्या धर्तीची स्तोत्रे अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाने एका विशिष्ट पद्धतीने आत्मसात केली. ग्रंथ मोजके आणि अक्षरओळख नाकारलेली, अशा परिस्थितीत म्होरक्या एकेक ओळ उच्चारून देई आणि जमलेला समुदाय ती ओळ अत्यंत संथ लयीत, प्रत्येक अक्षर लांबवीत आणि वळवीत गाई. या रीतीत प्रत्येकाचे वळण थोडे निराळे असे. तरी सर्वांची मिळून एक लाट होई. छापील स्तोत्र समान असले, तरी गायिले गेलेले स्तोत्र ही त्या समाजाची स्वतःची निर्मिती होती.

विसाव्या शतकातील गॉस्पेल संगीतात ही रीत एकल गायकाच्या कंठात आली. महालिया जॅक्सन, क्लॅरा वॉर्ड, सॅम कुक आणि अरिथा फ्रँकलिन ही त्या परंपरेतील ठळक नावे होत. फ्रँकलिन यांनी जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसमधील एका बाप्टिस्ट चर्चमध्ये 'अमेझिंग ग्रेस' हे जॉन न्यूटन यांचे स्तोत्र गायिले. या स्तोत्राचा पहिला छापील पाठ १७७९ सालचा. आठ आणि सहा अक्षरांच्या एकाआड एक येणाऱ्या चरणांचा, अगदी साध्या छंदाचा. फ्रँकलिन यांचे गायन दहा मिनिटांहून अधिक चालते. छंद इतका ताणला जातो की चरण चरण म्हणून ऐकू येत नाही. परंतु उपस्थित समुदायाला शब्द पाठ असल्यामुळे कोणताही शब्द हरवत नाही. ही बाब मूलभूत आहे. जेथे संहिता सर्वांना आधीच ठाऊक असते, तेथे गायकावर ती कळविण्याची जबाबदारी उरत नाही. त्याने ती अनुभवावयाची असते. मराठी कीर्तनात सर्वांना पाठ असलेला अभंग पुनःपुन्हा घोळविला जातो तो याच न्यायाने.

कॅरी यांचा जन्म न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडवरील हंटिंग्टन येथे झाला. त्यांच्या आई आयरिश वंशाच्या व संगीतिकेच्या गायिका, तर वडील कृष्णवर्णीय व व्हेनेझुएलन वंशाचे होते. दोन वर्णांच्या सीमेवरील बालपणात वाट्याला आलेल्या परकेपणाचे वर्णन त्यांनी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात केले आहे. तरुणपणी त्या न्यूयॉर्कमध्ये ब्रेंडा के. स्टार या गायिकेच्या साथीला गात होत्या. त्यांच्या गीतांच्या नमुन्यांची फीत १९८८ साली एका मेजवानीच्या प्रसंगी टॉमी मोटोला या ध्वनिमुद्रण कंपनीच्या प्रमुख अधिकाऱ्याच्या हाती पडली आणि पुढे करार झाला. 'व्हिजन ऑफ लव्ह' हे गीत कॅरी आणि बेन मार्गुलीस यांनी मिळून रचले; त्याची निर्मिती ऱ्हेट लॉरेन्स आणि नारदा मायकेल वॉल्डन यांनी केली. गायिकाच सहगीतकार असल्यामुळे शब्द कोठे ठेवावयाचा आणि आवाज कोठे सोडावयाचा, हे दोन निर्णय येथे वेगवेगळ्या व्यक्तींचे नाहीत, ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरेल.

४

गीत सुमारे साडेतीन मिनिटांचे आहे. त्याची लय संथ असून प्रत्येक मात्रेचे तीन समान भाग पडतात. १९५० च्या दशकातील नृत्यगीतांची आठवण करून देणारी ही लय आहे. संथ मात्रा आणि तिचे तिहेरी विभाजन यांमुळे अक्षराच्या पोटात अनेक स्वर सामावण्यास मुळातच जागा निर्माण होते. शब्द साधे, किंबहुना सामान्य आहेत. त्यांत रात्रभर केलेल्या प्रार्थना आहेत, एकटेपणा आहे, परकेपणाचा स्पष्ट उल्लेख आहे, एकट्याने वाहिलेले ओझे आहे. आणि अखेरीस पूर्वी पाहिलेले प्रेमाचे स्वप्न एका 'तू'च्या रूपाने पूर्ण झाल्याचा उद्गार आहे. हा 'तू' प्रियकर की परमेश्वर, हे शब्द सांगत नाहीत. गॉस्पेल आणि प्रेमगीत यांच्यातील जुना देवघेवीचा व्यवहार पाहता ही संदिग्धता अनपेक्षित नाही. मधुराभक्तीच्या रचना वाचलेल्या भारतीय वाचकाला तर ती परिचितच वाटेल. छापील कागदावर हे गीत वाचले तर त्यात फारसे काही नाही, असाच अभिप्राय कोणी देईल, आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही.

परंतु गायनात अलंकरणाची जी वाटणी झाली आहे ती ध्यानात घेतली की चित्र बदलते. पूर्वार्धात आवाज खालच्या पट्टीत, छातीच्या स्वरात आणि पुष्कळसा अक्षरबद्ध आहे. स्वरांची वळणे येतात ती बहुधा ओळीच्या शेवटी, वाक्यार्थ पूर्ण झाल्यावर. त्यामुळे शब्द कळण्यात अडथळा येत नाही. कळलेला शब्द मागे वळून पाहावा तसे हे वळण भासते. मधल्या भागात आवाज वर चढतो. गायिकेने स्वतःच्याच आवाजाचे थर एकावर एक मुद्रित करून पाठीमागे जो वृंद उभा केला आहे, तो आता मुख्य आवाजाला उत्तरे देऊ लागतो. चर्चमधील म्होरक्या आणि समुदाय ही रचना येथे एकाच कंठात सामावली आहे. समुदायाची जागा स्वतःच्याच प्रतिध्वनीने घ्यावी, हे एकाकीपणाविषयीच्या गीतात अर्थपूर्ण आहे. उत्तरार्धात क्षणभर एक अतितार, शिट्टीसारखा स्वर येतो. गायनशास्त्रात याला 'व्हिसल रजिस्टर' म्हणतात. १९७५ मध्ये मिनी रिपर्टन यांच्या 'लव्हिन् यू' या गीतामुळे तो लोकप्रिय संगीतात गाजला होता. या स्वरावर शब्द उच्चारणे जवळजवळ अशक्य असते. सामगायनातील स्तोभाप्रमाणे तेथे अर्थ थांबतो आणि केवळ नाद राहतो.

गीताचा खरा कळस मात्र त्या अतितार स्वरात नाही. तो अखेरच्या ओळीत आहे. तेथे वाद्यांची साथ थांबते आणि गायिका 'सर्व' या अर्थाच्या एका एकाक्षरी इंग्रजी शब्दावर एकटीच एक दीर्घ, वळणावळणाची स्वरमाला घेते. त्यानंतरच ओळीचे उरलेले शब्द येतात आणि वाक्य पूर्ण होते. या शब्दाची ध्वनिरचना पाहण्यासारखी आहे. त्यात एक विवृत, दीर्घ करण्यास सोयीचा स्वर आहे आणि शेवटी लकारासारखे व्यंजन आहे. गायिका स्वरावर थांबून अंत्य व्यंजन जितके पुढे ढकलते, तितका वेळ शब्द अपुरा राहतो. ऐकणाऱ्याला तो ओळखू आलेला असतो, पण उच्चारणाच्या दृष्टीने तो अजून पूर्ण झालेला नसतो. व्याकरणाच्या दृष्टीनेही ते वाक्य अधांतरी असते, कारण 'सर्व' म्हणजे नेमके काय, ते सांगणारा अंश अजून यावयाचा आहे. म्हणजे ही स्वरमाला शब्दावर टाकलेली नक्षी नसून वाक्याच्या मध्यभागी निर्माण केलेला विलंब आहे. शिवाय तो विलंब नेमक्या त्याच शब्दावर आहे, ज्याच्या अर्थातच परिपूर्णता आणि व्याप्ती आहे. 'सर्व' हा शब्द भाषेत फार स्वस्त असतो. तो क्षणात उच्चारला जातो आणि क्षणात विरतो. त्याला जे मोल येथे प्राप्त होते ते काळाच्या खर्चाने.

यावरून या गीतातील विस्ताराचे कार्य स्पष्ट होते. शब्द ज्या पूर्ततेचे केवळ नाव घेतात, ती पूर्तता लांबणीवर टाकून आणि मग घडवून आणून आवाज तिचा प्रत्यय देतो. येथे स्वर शब्दाच्या पलीकडे जात नाही आणि त्याला झाकतही नाही. तो त्या शब्दाला वाक्यात लागणारा काळ बदलतो. असा बदल वाक्यार्थात बदल घडवितो, म्हणून त्याची गणना अर्थघटकांतच करावयास हवी.

५

या ठिकाणी आनंदवर्धनाच्या अलंकारविचाराची आठवण उपयुक्त ठरेल. नवव्या शतकातील या काश्मिरी आचार्याने 'ध्वन्यालोका'च्या दुसऱ्या उद्द्योतात रसाच्या संदर्भात अलंकाराने कसे वागावे याचे काही नियम सांगितले आहेत. अलंकार रसाचे अंग म्हणूनच यावा, स्वतः अंगी होऊ नये. तो योग्य वेळी घ्यावा आणि योग्य वेळी सोडावा. त्याचा अखेरपर्यंत निर्वाह करण्याचा अट्टाहास नसावा. त्याखेरीज ध्वनिकाव्यात तोच अलंकार मान्य, ज्याच्यासाठी कवीला वेगळा प्रयत्न करावा लागत नाही, असेही तो म्हणतो. हे विवेचन काव्यातील अलंकारांविषयी आहे आणि ते जसेच्या तसे गायनाला लावणे धोक्याचे आहे. संगीतातील 'अलंकार' ही संज्ञा वेगळ्या अर्थाने रूढ आहे, हेही विसरता कामा नये. तथापि अलंकरण कमी की अधिक, हा प्रश्न सोडून ते कोठे आणि कशासाठी, हा प्रश्न विचारावयास आनंदवर्धन शिकवितो आणि तेवढ्यापुरता तो येथे मार्गदर्शक आहे.

'व्हिजन ऑफ लव्ह'ला ही कसोटी लावली असता ते गीत बव्हंशी उतरते. वळणे संयमाने सुरू होतात, अर्थाच्या चढणीबरोबर वाढतात आणि सर्वांत मोठे वळण सर्वांत व्यापक शब्दासाठी राखून ठेवलेले असते. 'वेगळ्या प्रयत्ना'विषयीचा नियम मात्र अधिक नाजूक आहे. कॅरी यांच्या गायनात कसब लपलेले नाही. ते दिसावे अशीच योजना आहे. नवोदित गायिकेचे पहिलेच गीत हे तिच्या सामर्थ्याचे प्रकटीकरणही असते. अतितार स्वराचा क्षण तर अर्थापेक्षा सामर्थ्याची साक्ष देण्यासाठीच अधिक योजलेला वाटतो. तेथे अलंकार अंगी होण्याच्या सीमेवर येतो, परंतु तो क्षणिक असल्यामुळे आणि वेळीच सोडला गेल्यामुळे गीताचा तोल ढळत नाही.

याच कसोटीने नंतरच्या काळाचाही विचार करता येतो. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टन यांनी 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' हे गीत गायिले. डॉली पार्टन यांनी रचलेले आणि १९७४ साली स्वतःच गायिलेले हे गीत मुळात निरोपाचे, कथनाच्या अंगाने जाणारे आणि जवळजवळ अक्षरबद्ध आहे. ह्यूस्टन यांनी ते वाद्यांच्या साथीशिवाय सुरू केले आणि ध्रुवपदातील प्रथमपुरुषी सर्वनामावर विस्तार केला. शब्द तेच, पण पार्टन यांच्या गायनात निरोप ऐकू येतो, तर ह्यूस्टन यांच्या गायनात निरोप घेणाऱ्या 'मी'ची प्रतिष्ठा. हे गीत चौदा आठवडे 'बिलबोर्ड'च्या अग्रस्थानी राहिले. एकाच संहितेचे हे दोन पाठ होत, असे पाठचिकित्सेच्या भाषेत म्हणता येईल.

पुढे ही रीत अनुकरणसुलभ झाली. क्रिस्टिना आगिलेरा, बियॉन्से आदी पुढच्या पिढीतील गायिकांनी कॅरी यांचा संस्कार घेऊन आपापली वाट काढली. पण २००२ साली सुरू झालेल्या 'अमेरिकन आयडॉल'सारख्या दूरचित्रवाणी स्पर्धांनी तिच्या स्वरूपातच एक बदल घडविला. स्पर्धकाला गीताचा छोटा तुकडा गाऊन परीक्षकांना जिंकावयाचे असते. साडेतीन मिनिटांत हळूहळू उलगडावयाची वाटणी एवढ्याशा अवकाशात शक्य नसते. परिणामी कळसाचे अलंकरण पहिल्याच ओळीत येऊ लागले आणि ज्या शब्दावर थांबण्याचे कारण नाही अशा शब्दावरही आवाज वळू लागला. इंग्रजी समीक्षेत याविषयी जी नापसंती व्यक्त झाली तिचा रोख अनेकदा मेलिस्मावरच राहिला. वस्तुतः दोष मेलिस्माचा नव्हता. योग्य वेळी घेणे आणि योग्य वेळी सोडणे या विवेकाचा लोप झाला होता. त्या नापसंतीत आणखी एक अन्यायही दडलेला असतो. अक्षरबद्ध गायन म्हणजे प्रामाणिक आणि विस्तारयुक्त गायन म्हणजे दिखाऊ, असे समीकरण मांडले की कृष्णवर्णीय चर्चमध्ये घडलेली एक संपूर्ण भाषा संशयास्पद ठरते. ज्या समाजाला दुसऱ्याचीच संहिता मिळाली, त्याने अक्षर ताणून ती स्वतःची केली. त्या ताणण्याला निव्वळ प्रदर्शन म्हणणे इतिहासाशी विसंगत आहे.

६

मराठी अभ्यासकाला या साऱ्या चर्चेत एक ओळखीचा सूर ऐकू येईल. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत सौभद्रा'पासून (१८८२) 'संगीत मानापमाना'पर्यंत (१९११) नाट्यपदाचा जो प्रवास झाला, त्यात पद नाट्यप्रसंगासाठी की गायकासाठी, हा वाद सतत होत राहिला. छापील नाटकात चार ओळींचे असलेले पद रंगभूमीवर 'वन्स मोअर'च्या आग्रहाने कितीतरी वेळ चाले. नाटकाची गती त्यामुळे खुंटते, ही तक्रार खोटी नव्हती. पण प्रेक्षक ज्यासाठी येत ते छापील पदात मुळी नव्हतेच, हेही तितकेच खरे. या दोन परंपरांत ऐतिहासिक संबंध काही नाही. साम्य आहे ते समीक्षकाला पडणाऱ्या पेचात. ख्यालातील आकाराची तान शब्द सोडून देते, बोलतान शब्दाला धरून चालते. मेलिस्मा या दोहोंच्या मधे, शब्दातील एकाच स्वराला धरून राहतो. हा भेद ध्यानात ठेवल्यास तुलना सैल होत नाही.

साहित्यसंस्थांनी या प्रश्नाकडे कसे पाहिले हेही सूचक आहे. २०१६ साली बॉब डिलन यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा गीत हे साहित्य आहे काय, यावर जगभर चर्चा झाली. डिलन यांचे गायन मुख्यतः अक्षरबद्ध, बोलण्याच्या जवळ जाणारे. त्यांचे शब्द कागदावर उतरवूनही बरेच काही हाती राहते. म्हणून साहित्याच्या दारातून त्यांना आत घेणे तुलनेने सोपे होते. कॅरी यांना २०२२ मध्ये अमेरिकेतील गीतकारांच्या 'साँगरायटर्स हॉल ऑफ फेम' या सन्मानसूचीत स्थान मिळाले. परंतु त्यांच्या रचनेतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय, म्हणजे त्या एका अक्षराला किती काळ द्यावयाचा हा, कोणत्याही छापील गीतसंग्रहात दिसणार नाही. तेथे तो शब्द इतर शब्दांइतकीच जागा व्यापून उभा असेल.

भारतीय भाषांतील गेय वाङ्मयाच्या संपादनासाठी यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. संहितेची पाठचिकित्सा जितक्या काटेकोरपणे केली जाते, तितक्याच काटेकोरपणे उपलब्ध ध्वनिमुद्रणांतील अक्षरकाळाची नोंद होणे आवश्यक आहे. कोणते अक्षर लांबविले गेले, कोणत्या ठिकाणी वाक्य अपुरे ठेवले गेले, पुनरावृत्ती कोणत्या शब्दाची झाली, एवढी माहिती मूळ पाठाच्या समासात दिली तरी पुष्कळ साधेल. ग्रामोफोनच्या तीन मिनिटांच्या तबकडीने नाट्यपदांना आणि ठुमऱ्यांना जो आटोपशीर आकार दिला, त्याचाही विचार त्यात व्हावा. कारण कमी वेळात गायकाने विस्तारासाठी कोणता शब्द निवडला, हे त्या संक्षेपातच अधिक स्पष्टपणे कळते. जुन्या तबकड्या झिजत चालल्या आहेत आणि ज्यांनी त्या पदांचे प्रत्यक्ष प्रयोग ऐकले असे श्रोते आता फारच थोडे उरले आहेत. शब्द छापील स्वरूपात सुरक्षित आहेत. त्या शब्दांना गायकांनी दिलेला काळ मात्र नोंदला गेला नाही तर पुन्हा मिळणार नाही.